अर्ध्या डोक्याची चाचणी

माणसाच्या डोक्यात काय चाललंय हे कळायला वर्षं जातात. डोक्यावर काय चाललंय हे मात्र तो दारातून आत येताच दिसतं. वेळेची कदर असलेल्या संस्थेने माणूस या दोहोंपैकी कशावरून जोखावा, हे वेगळं सांगायला नको. निधी देवतळे बेंगळुरूतल्या ज्या कंपनीत काम करत होती, ती कंपनी तर वेळेच्या बाबतीत फारच दक्ष. (सभा लांबू नयेत म्हणून काय करावं, यावर तिथे दर सोमवारी दोन तासांची सभा होत असे.)

निधी मूळची नागपूरची. वय चौतीस. बसवनगुडीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने, समोर गच्ची. केस दाट, कुरळे आणि मनमोकळे. रुग्णांना त्यांच्या वेळेची आठवण करून देणारे मेसेज पाठवायचे, अशा एका यंत्रणेची देखभाल तिच्याकडे होती. ही यंत्रणा एका मोठ्या रुग्णालय समूहाची. त्यांची नऊ डायलिसिस केंद्रं. आदल्या संध्याकाळी सात वाजता रुग्णाच्या फोनवर मेसेज जावा, ‘उद्या सकाळी सहा वाजता या’, एवढंच त्या यंत्रणेचं काम.

जूनमध्ये ही यंत्रणा नव्या सर्व्हरवर हलवली. नव्या सर्व्हरचं घड्याळ लंडनच्या हिवाळी वेळेवर लावलेलं. त्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजले की मेसेज सुटायचा, आणि तोवर बेंगळुरूत रात्रीचे साडेबारा वाजलेले असायचे. म्हणजे ‘उद्या’ हा शब्द रुग्णाच्या फोनवर पोचेपर्यंत तो उद्या ‘आज’ झालेला असायचा. रुग्ण सकाळी उठून मेसेज वाचायचा, ‘उद्या’ म्हटलंय म्हणून दुसऱ्या दिवशी केंद्रावर जायचा, आणि तिथे त्याला सांगायचे, तुमची वेळ काल होती. ज्यांचे वार ठरलेले होते ते बचावले. ज्यांची वेळ दर आठवड्याला बदलत होती असे दोनशे बारा रुग्ण निधीला सापडले.

सर्व्हरचं घड्याळ रुग्णालयाच्या ताब्यात, म्हणून तिने हे जुलैच्या पहिल्या सोमवारी वरिष्ठांना कळवलं. दुसऱ्या सोमवारी कळवलं. तिसऱ्या सोमवारी तिचा वार्षिक आढावा हातात आला. कामाची गुणवत्ता: उत्तम. सहकार्य: उत्तम. केस: निर्णय प्रलंबित.

हा शेरा ‘सादरीकरण सज्जता समिती’चा होता. समितीचे प्रमुख शार्दूल सर, पुण्याचे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नव्हता. त्यामुळे केसांच्या प्रश्नात त्यांचे हितसंबंध गुंतलेले नाहीत, हे कोणालाही लांबूनच दिसत असे, आणि प्रमुखपद त्यांच्याकडे एकमताने आलं होतं.

“हे बघ निधी, पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही,” सर म्हणाले. “पण क्लायंटला व्हिडिओवर कळत नाही, की तुझे केस ओले आहेत, विस्कटलेत, की मुळातच तसे आहेत. त्यांना क्लॅरिटी हवी असते.”

“सर, त्या मेसेजची केस तीन आठवडे उघडीच आहे.”

“तेच तर म्हणतोय मी. उघडे केस स्क्रीनवर फार पसरट दिसतात.”

“केस, सर. स्त्रीलिंगी. तक्रारीची केस.”

“हो, तीही घेऊ. एका वेळी एक केस.”

चौथ्या आठवड्यात परिपत्रक निघालं. ग्राहकासमोर येणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांनी खालीलपैकी एक मार्ग स्वीकारून तसं लेखी कळवावं. मार्ग पहिला: ओल्या केसांना रोलर गुंडाळून, गरम हवेच्या टोपाखाली बसून, केस ‘सेट’ करून घेणे. मार्ग दुसरा: कोणतंही यंत्र न वापरता केस हवेवर वाळू देणे. पहिल्याने व्यक्तिमत्त्वात शिस्त दिसते, दुसऱ्याने सच्चेपणा. दोन्ही गुण एकाच व्यक्तीत असण्याची कंपनीची अपेक्षा नव्हती. (केसांबद्दल काहीही न ठरवण्याचा तिसरा मार्ग उपाध्यक्ष आणि त्यावरील पदांसाठी राखीव होता.)

समितीने हे हवेत ठरवलेलं नव्हतं. तिने पाहणी केली होती. पाहणीनुसार रोलरवाल्या स्त्रिया एकतीस टक्के अधिक विश्वासार्ह वाटतात, हवेवाल्या एकोणतीस टक्के अधिक खऱ्या. उरलेले चाळीस टक्के पुरुष होते आणि ते कसे वाटतात हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

निधीला वाटलं, हवाच बरी. काही करायचंच नाही, तर त्यात चुकेल काय? हा तिचा अडाणीपणा होता. काहीही न करणं ही फार अवघड विद्या आहे, आणि ती शिकवायला कंपनीने शनिवारी एक केशसल्लागार बोलावला होता. काहीही न करण्याच्या अकरा पायऱ्या त्याने समजावल्या. केस धुण्याआधी लावायचं एक मलम, धुताना दुसरं, धुतल्यावर तिसरं, आणि ही तिन्ही लावलेली नाहीत असं वाटावं म्हणून चौथं. टॉवेल वापरायचा नाही, जुना सुती टी-शर्ट घ्यायचा. नवा टी-शर्ट चालत नाही. केसांना हात लावायचा नाही, विंचरायचे नाहीत, त्यांचा विचारही शक्यतो करायचा नाही. आणि पाणी मऊ हवं.

पाण्याच्या बाबतीत बेंगळुरू शहर अगदी निःपक्षपाती आहे. बोअरचं असो की टँकरचं, ते बादलीवर आणि टाळूवर सारखाच पांढरा थर देतं. निधी पहाटे साडेपाचला केस धुऊन गच्चीवर उभी राहू लागली. जुलैतली भुरभुर, दमट गार वारा. आठ वाजेपर्यंत केस धुतले तेव्हा होते त्याहून थोडे जास्तच ओले वाटत. ती अर्धवट ओल्या केसांनी कॉलवर बसली. त्या आठवड्यात तिने सर्व्हरच्या घड्याळाचा मुद्दा पुन्हा मांडला, आणि मांडताना सात वेळा शिंकली. समितीच्या टिपणात नोंद झाली: ‘मुद्दा क्रमांक चार. ओलावा जाणवतो. ऊर्जा बरी.’

मुद्दा क्रमांक चार काय होता, ते टिपणात नव्हतं.

समितीतच दोन तट पडले. चौघं रोलरचे, चौघं हवेचे. आता दोन मतं पडली की इतर धंद्यांत भांडणं होतात. संगणकाच्या धंद्यात चाचणी घेतात. एकाच वेळी दोन्ही प्रकार बाजारात सोडायचे आणि लोकांना काय आवडतं ते मोजायचं. शार्दूल सरांनी शांतपणे विचारलं, की जी पद्धत आपण बटणाच्या रंगासाठी वापरतो ती माणसासाठी का वापरू नये? दोन वेगवेगळ्या स्त्रिया घेतल्या तर चेहऱ्याचा फरक पडेल, आवाजाचा पडेल, हुशारीचाही पडू शकतो. म्हणून शास्त्रीय दृष्टीने डोकं एकच हवं. डाव्या अर्ध्याला रोलर, उजवं अर्धं हवेवर. ग्राहकासोबतची तिमाही सभा गुरुवारी सकाळी अकराला होती. चाचणीचा मान निधीला मिळाला.

निधी नाही म्हणाली नाही. त्याचं कारण तिने कोणालाच सांगितलं नाही, पण ते साधं होतं. त्या सभेला रुग्णालय समूहाचे प्रमुख सूर्यकांत जाधवराव स्वतः येणार होते. एरवी तिला कधी चार मिनिटांवर बोलू देत नसत. चाचणी म्हटल्यावर तिला वीस मिनिटं मिळाली. वीस मिनिटांत घड्याळाची गोष्ट कोणालाही समजावता येईल, असा तिचा हिशेब होता. अर्ध्या डोक्याच्या बदल्यात दोनशे बारा माणसं. तिला तो सौदा वाईट वाटला नाही.

रोलर सेटिंग आता फार ठिकाणी करत नाहीत. शोधता शोधता तिला बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात, भांड्यांच्या दुकानांमागे, सुनंदाअक्कांचं पार्लर सापडलं. दोन खुर्च्या, एक आरसा आणि कोपऱ्यात हेल्मेटसारखा मोठा टोप असलेला तो गरम हवेचा ड्रायर. सुनंदाअक्का निपाणीकडच्या. लग्न होऊन इथे आल्याला तीस वर्षं झालेली, आणि बोलण्यात कन्नड इतकं मुरलेलं की त्यांनाही ते वेगळं काढता आलं नसतं.

गुरुवारी सकाळी आठला निधी खुर्चीत बसली आणि काय करायचं ते तिने सांगितलं. सुनंदाअक्का तिच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“अर्धंच?”

“अर्धंच.”

“आणि उरलेलं अर्धं काय, दुसऱ्या पार्लरला देणार की काय गं?”

“ते हवेवर.”

“सरी, बरं,” सुनंदाअक्का म्हणाल्या. तीस वर्षं लोकांची डोकी हाताळलेल्या माणसाला फार प्रश्न पडत नाहीत. त्यांनी मधोमध भांग पाडला. डावीकडच्या ओल्या बटा एकेक करून ताणल्या, लोशन लावलं, रोलरवर गुंडाळल्या, पिना खोचल्या आणि वरून जाळी चढवली. मग खरी अडचण आली. टोप पूर्ण डोक्याचा होता. त्याखाली निधी सरळ बसली असती तर उजवी बाजूही वाळली असती आणि चाचणीला काही अर्थ उरला नसता. त्यामुळे तिला मान उजवीकडे पार खांद्यावर टाकून, अर्धं डोकं आत आणि अर्धं बाहेर, असं पन्नास मिनिटं बसावं लागलं. शास्त्रासाठी लोकांनी याहून जास्त सोसलंय, पण बहुतेकांनी ते सरळ मानेने सोसलंय.

त्या तिरप्या नजरेला समोर भिंतीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत एक माणूस दिसला. साठीचा, काळासावळा, गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. श्वास घेताना त्याचे खांदे वर जात होते. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा पावलावर येत नव्हता. चपला त्याने खुर्चीखाली काढून ठेवल्या होत्या.

“आमचे मालक,” सुनंदाअक्का म्हणाल्या. “कल्लाप्पा. घरी एकटं ठेवायला भ्या वाटतं बघ, म्हणून आणलंय. डायलिसिस चुकलं. गेल्या महिन्यात एकदा, आता परत. मशीनची पाळी दर आठवड्याला बदलतात. मेसेज येतो, ‘नाळे’, म्हणजे उद्या. उद्या गेलं की म्हणतात, अम्मा, काल होतं. आता शनिवारी या म्हणतात.” पिनांचा डबा बंद करत त्या पुढे म्हणाल्या, “मला वाचता येतंय, पण माझंच कायतरी चुकतंय वाटतं. मंगळवारी सकाळी मेसेज बघितला, बुधवारी घेऊन गेलो. हे मला रागवत पण नाहीत.”

“तू तरी काय करणार,” कल्लाप्पा म्हणाले. तेवढं बोलून ते पुन्हा श्वास घेण्याच्या कामाला लागले.

निधीने टोपाखालून हात पुढे केला. “अक्का, तो मेसेज दाखवा.”

मेसेज तिच्याच यंत्रणेचा होता. वेळ: मंगळवार, रात्री बारा बत्तीस.

दोनशे बारा हा आकडा तिला सहा आठवडे पाठ होता. तिने त्याचा तक्ता केला होता, आलेख केला होता, आलेखाला रंगही दिला होता. त्या आकड्याला पाय असतात, आणि ते चपलेत मावत नाहीत, हे त्यातल्या कुठल्याच रंगातून दिसलं नव्हतं. “अक्का, तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “चूक आमची आहे. मला माहीत होती.”

सुनंदाअक्कांना यातलं किती समजलं कोण जाणे. त्यांनी टोप उचलला, कारण पन्नास मिनिटं झाली होती.

इतक्यात कंपनीकडून फोन आला. जाधवराव साहेबांना विमान गाठायचं होतं, सभा अकराऐवजी दहाला. दहाला बारा मिनिटं कमी होती. सुनंदाअक्कांनी घाईने रोलर उतरवले. डावीकडे केस वळणदार, चकचकीत, एखाद्या नामवंत बँकेच्या जाहिरातीसारखे बसले. उजवीकडे ते अर्धे ओले, आपापल्या मताप्रमाणे निघालेले. निधीने आरशाकडे पाठ केली, फोन समोर दुसऱ्या खुर्चीला टेकवून ठेवला आणि बसल्या जागेवरूनच सभेला हजर झाली. मान अजून उजवीकडेच होती. ती सरळ व्हायला तयार नव्हती.

स्क्रीनवर चौदा चेहरे होते आणि एक चौकट काळी. त्या चौकटीखाली फक्त ‘पवित्रा’ एवढं नाव. रुग्णालयाच्या तांत्रिक विभागातली ही मुलगी कॅमेरा कधीच लावत नसे, म्हणून ती आहे की नाही हे कोणी विचारतही नसे.

“नमस्कार,” निधी म्हणाली. “आपले मेसेज साडेपाच तास उशिरा जातायत. त्यामुळे दोनशे बारा रुग्णांचं डायलिसिस चुकतंय. त्यातले एक आत्ता माझ्यासमोर बसलेत.”

चौदाही चेहरे पुढे झुकले. निधीला वाटलं, पोचलं.

“मला वाटतं,” जाधवराव साहेब सावकाश म्हणाले, “उजवी बाजू अधिक आश्वासक आहे.”

“सर, उजवी म्हणजे तिची उजवी की आपली?” शार्दूल सरांनी विचारलं.

प्रश्न मूलभूत होता. निधीला स्वतःची प्रतिमा आरशासारखी दिसत होती, इतरांना सरळ; शिवाय तिच्यामागे खराच आरसा होता आणि त्यात दोन्ही बाजू पुन्हा उलट दिसत होत्या. तीन जणांनी मतं बदलली. एकाने सुचवलं की बाजूंना अ आणि ब म्हणावं. मग अ म्हणजे कोणती, यावर चर्चा सुरू झाली. ही चर्चा, टिपणातल्या नोंदीनुसार, ‘अत्यंत निकोप वातावरणात’ नऊ मिनिटं चालली. मध्ये दोनदा निधी म्हणाली, “सर, माणसं आजारी पडतायत.” दुसऱ्यांदा शार्दूल सर म्हणाले, “निधी, स्वल्प मान सरळ ठेव ना, तुलना करता येत नाहीये.” (‘स्वल्प’ म्हणजे थोडं. सरांना कन्नडमधला हा एकच शब्द येत असे, आणि तो ते सढळ हाताने वापरत.)

तेव्हा निधीने कॅमेरा बंद केला.

हे तिने ठरवून केलं नव्हतं. त्या चेहऱ्यांनी आपल्याकडे बघणं थांबवावं, एवढंच तिला हवं होतं. अंधाऱ्या चौकटीतून तिने सगळं सांगितलं: जुना सर्व्हर, नवा सर्व्हर, लंडनचं घड्याळ, ‘उद्या’चा ‘आज’ कसा होतो, बारा बत्तीस, सुजलेले पाय. चाळीस सेकंद लागली. सभेत चुळबूळ झाली. “आवाज येतोय, पण ती दिसत नाही,” कोणीतरी म्हणालं. “मग नंतर घेऊ,” दुसरं कोणीतरी म्हणालं.

“मी ऐकलं,” दुसऱ्या काळ्या चौकटीतून आवाज आला. पवित्राचं मराठी अडखळत होतं, ती कारवारची. “घड्याळाची सेटिंग माझ्याकडे आहे. मला एवढे दिवस कोणी सांगितलंच नाही. तुमच्यासमोर कोण आहेत? नाव सांगा.”

“कल्लाप्पा. घ्या, त्यांच्या मिसेसशीच बोला.”

पवित्राने होसकोट्याच्या केंद्रावर फोन केला. तिथे दुपारी दोनचं एक मशीन रिकामं होतं. (ते का रिकामं होतं, हे निधीला आणि पवित्राला दोघींनाही लगेच कळलं. तिथल्या कोणाचा तरी उद्या आज झाला होता.) सुनंदाअक्कांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, निधीने रिक्षा थांबवली आणि दोघींनी मिळून कल्लाप्पांना आत बसवलं. चपला त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि अक्का शेजारी बसल्या. रिक्षा सुटताना ते निधीला म्हणाले, “बरं केलंस अव्वा. पण तुझं डोकं अर्धंच राहिलं की.”

खुर्चीला टेकलेल्या फोनवर सभा अजून चालू होती.

पावणेअकराच्या सुमाराला पवित्राने घड्याळ बेंगळुरूच्या वेळेवर आणलं. त्यासाठी एक ओळ बदलावी लागली. त्या संध्याकाळी ठीक सात वाजता नऊ केंद्रांच्या रुग्णांचे फोन वाजले, आणि बऱ्याच दिवसांनी उद्या हा शब्द उद्याबद्दल होता.

कल्लाप्पा त्या दिवशी वाचले. पुढचा मंगळवारही त्यांना मिळाला, आणि त्याच्या पुढचाही. निधीने नंतर दोनशे बारापैकी एकेकाची चौकशी केली. दोनशे नऊ सापडले. उरलेल्या तिघांच्या घरी फोन उचलला गेला, पण तो त्यांनी उचलला नव्हता. ती तीन नावं तिने कंपनीला लिहून पाठवली. पत्र योग्य विभागाकडे वर्ग झाल्याचं उत्तर आलं. योग्य विभाग कोणता, हे ठरवायला एक उपसमिती नेमली आहे.

अधिकृतदृष्ट्या ही चूक घडलेलीच नाही. कॅमेरा बंद असताना उच्चारलेलं वाक्य टिपणात घेण्याची तरतूद नाही. सबब ती मांडली गेली नाही, सबब ती सुधारलीही गेली नाही. समितीचा अहवाल चव्वेचाळीस पानी झाला. त्यात निष्कर्ष असा, की डोक्याच्या दोन बाजूंत लक्षणीय फरक आढळला असला, तरी कुठली बाजू कुठली यावर एकमत होऊ शकलं नाही. पुढील चाचणी मोठ्या प्रमाणावर घ्यावी. शार्दूल सरांना त्याबद्दल बढती मिळाली. निधीच्या पुढच्या आढाव्यात केसांचा रकाना स्वच्छ होता. फक्त एक नवा शेरा होता: ‘महत्त्वाच्या प्रसंगी दिसत नाही.’ ती नोकरी तिने दिवाळीआधी सोडली. पवित्रा आणि ती आता एकत्र काम करतात, दोघींचेही कॅमेरे बंद असतात.

ही हकीकत आम्ही आजवर एकोणीस जणांना सांगितली. सगळ्यांनी मनापासून ऐकली, समितीला नावं ठेवली, काय दिवस आलेत म्हणून हळहळही व्यक्त केली. मग त्यातल्या अठरा जणांनी विचारलं, की पण खरंच, कुठली बाजू जास्त चांगली दिसत होती? एकोणिसाव्याला लोशनचं नाव हवं होतं. त्या तिघांची नावं अजून कोणी विचारलेली नाहीत.

तुम्ही विसावे. तुमचा प्रश्न आम्ही नोंदवून घेतलेला आहे. उत्तर: डावी.